पाटावर न आलेली बंदूक

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही, पण हल्ली निमित्तंही आयतीच चालून येतात. रंकाळ्यावर सकाळी आम्ही निवृत्त मंडळी फिरायला जमतो. परवा आमच्यातल्या एका बांधकाम व्यावसायिकानं विषय काढला. त्यांच्या कॉलनीत घरफोड्या झाल्या आहेत आणि आता त्यांना रिव्हॉल्व्हरचा परवाना हवा आहे. "साहेब, तुमची वट हाय की खात्यात. एक शब्द टाका." दुसरे म्हणाले, परदेशात घराघरात बंदूक असते म्हणून चोर टरकून असतात. तिसरे आमचे प्राध्यापक. ते उसळलेच, "आणि शाळेतल्या पोरांवर गोळ्या झाडतात ते मग कोण?" झालं. चहा येईपर्यंत दोन तट पडले. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "उभी नोकरी कमरेला पिस्तूल लावून काढली. ते उशाशी असताना झोप मात्र कधी बरी लागली नाही." सगळे हसले. मीही हसलो. पण मनात ती चंदगडकडची केस येऊन बसली होती.

तेव्हा मी चंदगड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भात, नाचणी आणि काजूचा मुलूख. पिकं भरायला लागली की रानडुकरं आणि गवे शेतात उतरतात, एखाद्या साली हत्तीही येतो. त्यामुळे पीक संरक्षणाच्या बंदुकीचे परवाने त्या भागात जुने आहेत. बंदूक बहुतेक ठासणीची. नळीत वरून दारू आणि छर्रे ठासायचे, एक बार उडवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर्षभर ती कोपऱ्यात धूळ खात असते. तिचा मान खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी अवजारं, हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू आणि झेंडू वाहतात. विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि त्यांच्या पंक्तीला ही बंदूक. आमच्या ठाण्यातल्या रायफलीही त्या दिवशी अशाच पुजल्या जातात.

त्या वर्षी गणपती गेले आणि मोबाइलवर चोर आले. "कर्नाटकातून टोळी उतरली आहे, पांढरी गाडी आहे, घरातल्यांना मारून टाकतात." प्रत्येक गावात हाच निरोप, फक्त गावाचं नाव बदललेलं. आम्ही दवंडी दिली, बैठका घेतल्या, सांगून सांगून घसा बसला. प्रत्यक्षात माझ्या हद्दीत त्या काळात एक कोंबडीसुद्धा चोरीला गेली नव्हती. पण भीतीला पुरावा लागत नाही, तो फक्त आम्हाला लागतो. गावोगाव काठ्या घेऊन गस्त सुरू झाली, दिवेलागणीला दारं बंद व्हायला लागली.

नवरात्रात एका पहाटे पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, लौकर या. आमच्यातल्या पोराला चोरांनी गोळी घातली."

आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण धुकं असं की जीपच्या पुढचं काही दिसत नव्हतं. गावाबाहेर शेतातल्या वस्तीजवळ, रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल पडलेली. शेजारी दुधाचा कॅन लवंडलेला. मोटारसायकलची चेन उतरलेली होती. रोज पहाटे डेअरीला दूध घालणारा गावातलाच एक तरुण शेतकरी. मांडीत आणि कमरेत छर्रे घुसले होते. डेअरीला निघालेल्या दुसऱ्या लोकांना तो सापडला, पण तोवर बराच वेळ तो तिथंच विव्हळत पडलेला होता. त्याला गडहिंग्लजला दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि लिहून दिलं, जबाब देण्याच्या स्थितीत नाही.

रस्त्यालगतच एका निवृत्त गुरुजींचं घर होतं. अर्ध्या गावाला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. घरात ते, त्यांच्या पत्नी आणि म्हातारी आई. आईला सगळा गाव आक्का म्हणायचा. गुरुजींनी जबाब दिला, की बार ऐकू आला, पाठोपाठ कर्नाटकाच्या बाजूला एक गाडी जोरात गेली. भीतीनं लगेच बाहेर आलो नाही, माणसांचे आवाज आले तेव्हा आलो. जबाब स्वच्छ, मुद्देसूद, स्वल्पविरामासकट.

दुपारपर्यंत गावानं केस स्वतःच उकलली. धार लावणारा एक माणूस सायकल घेऊन त्या भागात फिरत होता. खंडेनवमीच्या आधी प्रत्येकाला विळ्या-कोयत्याला धार हवी असते, म्हणून तो दरवर्षी याच दिवसांत गडहिंग्लजकडून यायचा. परका माणूस, पिशवीत सुऱ्या, आणि पत्ता विचारला तर "आज हितं, उद्या तितं." लोकांनी त्याला धरला, झाडाला बांधला आणि चोपला. आमची जीप वेळेत पोचली म्हणून तो जिवंत हाती लागला. सायकलचं धारेचं चाक मात्र लोकांनी दगडानं फोडलं होतं.

ठाण्यात आणल्यावर माहिती काढली, तर दैवही त्याच्यावर रुसलेलं. तरुणपणी विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याची एक जुनी केस नावावर होती.

मी त्याला समोर बसवला, पाणी दिलं. "रात्री कुठं होतास?"

"यष्टीच्या शेडात झोपलोतो, साहेब."

"कुणी बघितलं?"

"झोपल्याल्या मानसाला कोन बघतंय?"

"बंदूक कुठाय?"

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की प्रश्न विचारल्याची मलाच लाज वाटावी. "साहेब, पायडल मारून चाक फिरवतो तवा दोन घास मिळत्यात. बंदूक घ्याची ऐपत असती तर सुऱ्यांना धार कशाला लावली असती?"

मी खूप गुन्हेगार पाहिलेत. खोटं बोलणारा माणूस उत्तर देण्याआधी तुमचा चेहरा वाचतो. हा सरळ बोलत होता आणि मध्येच सुजलेला ओठ पुसत होता. शिवाय धारेचं चाक आणि लांबलचक बंदूक सायकलवर घेऊन हिंडणारा माणूस एवढ्या पहाऱ्यातल्या गावांत कुणाच्या नजरेस पडला नाही, हेही नवलच होतं. पण बाहेर मोर्चा उभा होता. वरिष्ठांचे फोन येत होते. जमावाचे जबाब, सापडलेल्या सुऱ्या आणि जुनी केस, कागदावर संशय भक्कम दिसत होता. कोर्टानं पोलीस कोठडी दिली. ती संपली की तो तुरुंगात जाणार आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोप त्याच्या गळ्यात पडणार, हे उघड होतं. जामीन द्यायला त्याला कोण होतं?

मोर्चातून सरपंच आत आले. हातात परवान्याच्या अर्जांचा गठ्ठा. "साहेब, आमाला बंदुका द्या. तुमी किती ठिकानी पुरनार? आमचं आमी बगतो." असे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून चौकशीला ठाण्याकडंच येतात, अभिप्राय आम्ही द्यायचा असतो. अर्जांची भाषा एकसारखी होती, कारण ते सगळे गुरुजींनी लिहून दिले होते. सुवाच्य अक्षरात, "जीवितास व मालमत्तेस गंभीर धोका."

डॉक्टरांनी काढलेले छर्रे मी पाहिले. ओबडधोबड, लहानमोठे. असला माल शहरातली टोळी वापरत नाही. हा ठासणीचा बार होता, म्हणजे बंदूक याच मातीतली. मी हद्दीतल्या त्या भागातल्या सगळ्या परवानाधारकांना बंदुका घेऊन तपासणीला बोलावलं. अलीकडं बार झालेल्या नळीत काजळी असते, वास असतो, ते लपत नाही.

आणि इथं मी तोंडावर आपटलो. टेबलावर एकेक बंदूक येत गेली, गुरुजींचीही त्यात होती, आणि प्रत्येक नळी आरशासारखी. तेल दिलेली, चिंधीनं पुसलेली. मी वैतागून आमच्या हवालदाराकडं पाहिलं. तो त्याच भागातला, निवृत्तीला आलेला, तोंडात कायम सुपारी.

"साहेब, खंडेनवमी तोंडावर आलीया. समदी घासूनच आणनार की. ऐन दिवाळीत घर झाडल्यालं का म्हनून इचारल्यासारखं हाय ह्ये."

छर्रे प्रयोगशाळेत पाठवले होते. पण अहवालाला महिने लागतात आणि अशा बंदुकीचा छर्रा अमुकच नळीतून आला हे तेही ठामपणे सांगू शकत नाहीत. दुसऱ्या बाजूनं लोकांचा तगादा, पूजेला बंदुका परत द्या. अडकवून ठेवायला कारण नव्हतं. मी परत दिल्या.

खंडेनवमीला ठाण्यातली पूजा झाली. कोहळा फोडला, रायफलींना झेंडूच्या माळा घातल्या. कोठडीतून धारवाला गजांना धरून बघत होता. हवालदारानं त्यालाही प्रसादाची कडाकणी, ती कडक गोड पुरी, दिली. त्यानं ती कपाळाला लावली आणि मग खाल्ली. त्याच्या हातच्या धारेचे विळे-कोयते त्या वेळी घरोघरी पाटावर बसले असतील आणि हा इथं.

"साहेब," हवालदार म्हणाला, "गावातनं पूजेला बोलावनी हाईत. चला जाऊ. घरात बसल्यावर मानूस मोकळा बोलतो." यात तथ्य होतं. ठाण्यात माणूस तोंड शिवून बसतो, स्वतःच्या घरच्या सोप्यावर, पुढच्या पडवीत, पाहुण्याला खाऊ घालताना त्याची जीभ सैल होते. आम्ही निघालो.

गावात पाच-सहा घरी गेलो. सगळीकडं तेच दृश्य. सोप्यात पाट, त्यावर अवजारं, मधोमध बंदूक. लोक कौतुकानं दाखवायचे, "आज्जाची हाय ही, साहेब." कडाकण्या खाऊन पोट तट्ट झालं, हाती काही लागलं नाही. शेवटी परतताना वस्तीवर गुरुजींच्या घरी थांबलो. त्यांचा मुलगा पुण्याहून सणाला आलेला. पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली, फवारणीचा पंप, गुरुजींचं जुनं पेन, एवढंच काय, मुलाचा लॅपटॉपसुद्धा हळदकुंकू लावून बसलेला. विळ्याची धार नुकतीच लावलेली, लखलखत होती. बंदूक नव्हती.

मी सहज विचारलं, "गुरुजी, बंदूक कुठं राहिली?"

"माळ्यावर आहे, साहेब. गडबडीत विसरलो बघा." गुरुजी हसले आणि त्यांनी कडाकण्यांचं ताट माझ्या हातात दिलं.

चुलीपाशी बसलेली आक्का तिथूनच बोलली, "इसरलास न्हाय. म्या ठेवू दिली न्हाय."

"आई, तू आत जा."

"न्हाय जात." म्हातारी उठली, भिंतीला धरत सोप्यात आली. "मानसाचं रगात सांडलंय तिच्यानं. देवाफुडं कशी ठिवू? मी हळद लावायची व्हय तिला?"

मुलगा बापाकडं बघत राहिला. त्यालाही यातलं काही ठाऊक नसावं.

"आई!" गुरुजी ओरडले.

"वरडू नगंस. त्या दिशी आत जा म्हनालास, गेलो. दार लाव म्हनालास, लावलं. भाईर ते लेकरू 'आई गं, आई गं' करत हुतं. मला वाटलं, मलाच हाक मारतंय." एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी ताट खाली ठेवलं. गुरुजींना वेगळा प्रश्न विचारावा लागला नाही. धरण फुटावं तसं सगळं बाहेर आलं. रोज मोबाइलवर ते निरोप वाचायचे. घर गावाबाहेर, मुलगा लांब, बायको आजारी, आई म्हातारी. ठासलेली बंदूक ते खाटेला टेकवून झोपायचे. त्या पहाटे गोठ्याजवळच्या कुंपणापाशी खुडबुड ऐकू आली. धुक्यात कुणीतरी वाकलेलं दिसलं. त्यांनी खिडकीतून चाप ओढला. तो चोर नव्हता. उतरलेली चेन बसवायला वाकलेला त्यांचाच विद्यार्थी होता.

"मला वाटलं, तेच आले," ते म्हणाले.

"कोण ते?"

न आलेल्या चोरांची नावं ते कुठून सांगणार?

"मग बाहेर का नाही गेलात? तो जिवंत होता."

"आवाज ओळखीचा वाटला, साहेब. त्यानं जास्तच भीती बसली. आधी चोरांची होती, मग तुमची."

"आणि धारवाल्याचं काय?"

गुरुजी खाली बघून म्हणाले, "सुटेल असं वाटलं. पुराव्याअभावी सुटतातच की लोक."

मला आयुष्यात फार थोड्या वेळा इतका राग आलाय. त्यांनी बार उडवला याचा नव्हे. घाबरलेल्या माणसाच्या हातून ते होऊ शकतं, त्यासाठी कायद्यातही जागा आहे. पण दार लावून घेतलं, खोटी गाडी पळवली आणि ज्या माणसानं घटनेच्या आदल्याच दिवशी त्यांच्या अंगणात बसून विळ्याला धार लावली, त्याच्या अंगावर सगळं ढकललं, याचा राग आला. सदतीस वर्षं फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिणारा माणूस. हवालदाराला पंच बोलवायला सांगितलं आणि माळ्यावरून बंदूक उतरवली.

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. पण आक्कानं दंडाधिकाऱ्यांपुढं जबाब दिला, शब्द न फिरवता. भावकीनं तिला पोराच्या जिवावर उठलेली म्हातारी ठरवलं, पाणी भरायला जाताना बायका बोलेनाशा झाल्या. ती मला एवढंच म्हणाली, "पोटचं हाय म्हनून त्येला जेवाय घालीन. खोटं न्हाई बोलनार." पुढं खटला उभा राहिला, गुरुजींना शिक्षा झाली.

दवाखान्यात जखमी तरुणाला मीच जाऊन सांगितलं. पाय वाचला होता, पण लंगडणार हे डॉक्टरांनी सांगितलेलं. तो म्हणाला, "गुरुजींनी नुस्तं कोन हाय म्हनायचं की, साहेब. म्या नाव सांगितलं असतं."

नंतर मी इतक्या वर्षांत या वाक्यावर खूप विचार केला. आपल्याकडं अंधारात पाऊल वाजलं की माणूस आतून हाक देतो, "कोन हाय त्यो?" बाहेरचा म्हणतो, "म्याच की!" शेकडो वर्षं आपली राखण या दोन वाक्यांनी केली. ज्याच्या हातात काही नाही त्याला हाक मारावीच लागते. ज्याच्या हातात ठासलेली बंदूक आहे, त्याला हाक मारण्याची गरज वाटत नाही. बंदुकीनं माणूस शूर होतो असं लोक समजतात. मी पाहिलेत ते बहुतेक घाईचे झाले.

म्हणून बंदुका नकोतच, असं मी म्हणणार नाही. त्या गठ्ठ्यात ज्यांचं भात खरोखर रानडुकरं फस्त करत होती, त्यांच्या अर्जावर मी शिफारस लिहिली. बाकीच्यांवर लिहिलं, हद्दीत एकही चोरीची नोंद नाही. सरपंच रुसले, ते पुढं माझी बदली होईपर्यंत रुसलेलेच होते. परवाना कुणाला द्यावा हा कायद्याचा प्रश्न आहे आणि त्याला नियम आहेत. भीती किती बाळगावी याला मात्र कुठलाच नियम नाही आणि तिची चौकशीही कुणी करत नाही.

धारवाल्याला कोर्टानं सोडलं त्या दिवशी तो ठाण्यातून हलेना. एकट्यानं त्या गावांतून जायची त्याची छाती होत नव्हती. सरकारी जीपमधून गडहिंग्लजच्या स्टँडपर्यंत आम्हीच त्याला सोडायला गेलो. पोलीस पाटलांनी गावातून वर्गणी काढून चाकासाठी थोडे पैसे दिले होते. देताना कुणी त्याच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. हवालदार वाटेत त्याची चेष्टा करायला लागला. उगाच वातावरण हलकं करायला. "काय रं पावणं, पिशवीत एवढ्या सुऱ्या हुत्या तुझ्या. धरला तवा एखादी दावायची की! पळून गेली असती समदी."

धारवाला खिडकीबाहेर ऊस बघत होता. वळला नाही.

"इचार आलता की मनात. हात पिशवीत गेलाबी हुता. मग म्हनलं, नको. एकदा सुरी भाईर काढली असती, तर त्या दिसापास्नं खरा चोर मीच. मग साहेब तुमी गुरुजीच्या घरात बंदूक हुडकायला कशाला गेला असता?"

जीप स्टँडवर थांबली. तो उतरला, रिकामी सायकल टपावरून काढून घेतली, आम्हा दोघांना हात जोडले आणि गर्दीत गेला. स्वतःचा जीव कसा वाचवावा, याबद्दल मला पुढं खूप जणांनी खूप काही ऐकवलं. हाताशी सुरी असून ती न काढता जीव वाचवलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.